नागपूर-मुंबई इतकं जवळ, तरी विमान ३४ हजार फुटांवर का चढतं?

सोनेगावात राहणाऱ्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: "नागपूरहून मुंबईचं विमान जेमतेम सव्वा तास हवेत असतं. तरी ते ३४ हजार फुटांपर्यंत कशाला चढतं? एवढं चढण्यात इंधन वाया जात नाही का? आणि स्कूटर जशी चाळीस-पन्नासच्या वेगाला जास्त ॲव्हरेज देते, तसं विमान थोडं हळू नेलं तर इंधन वाचणार नाही का?"

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. कोणतं विमान कोणत्या उंचीने, कोणत्या वेगाने न्यायचं आणि त्यात इंधन किती भरायचं, हे ठरवणं हेच माझं काम. तेव्हा आधी सरळ उत्तर देते. चढताना खर्च झालेलं इंधन पुष्कळसं परत वसूल होतं. हळू नेल्याने इंधन वाचेलच असं नाही, एका मर्यादेखाली उलट जास्त जळतं. आणि विमानाचा "किफायतशीर वेग" असा एक आकडा कधीच नसतो. विमानाचं त्या घडीचं वजन जेवढं, त्याला एक उंची आणि एक वेग अशी जोडी लागू पडते. उंची बदलली की वेग बदलतो, वजन बदललं की दोन्ही बदलतात. हे एकदा पक्कं डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

स्कूटरचा दाखला कुठे तुटतो ते आधी पाहू. स्कूटरचं वजन रस्ता पेलतो. इंजिनाला फक्त पुढे ढकलायचं असतं, त्यामुळे वेग कमी केला की हवेचा विरोध कमी होतो आणि ॲव्हरेज वाढतं. विमानाचं वजन पेलायला खाली काही नाही. पंख हवा खाली लोटतात तेव्हा ते वर राहतं, आणि त्याची किंमत इंजिनालाच मोजावी लागते. म्हणून विमानाला दोन प्रकारचा विरोध सहन करावा लागतो. एक, हवा कापत जाण्याचा, म्हणजे पॅरासाइट ड्रॅग. वेग दुप्पट झाला तर तो चौपट होतो. दुसरा, पंखांनी वजन उचलल्यामुळे येणारा, म्हणजे इंड्यूस्ड ड्रॅग. तो बरोबर उलटा वागतो: वेग निम्मा केला तर चौपट. हळू जाणाऱ्या विमानाला नाक वर धरून, पंखांचा कोन वाढवून स्वतःला तोलावं लागतं आणि त्यात शक्ती जाते.

दोन्हींची बेरीज जिथे सर्वांत कमी, तो कमीत कमी विरोधाचा वेग. एअरबस ३२० च्या कॉकपिटमध्ये वेगाच्या पट्टीवर एक छोटा हिरवा गोल दिसतो, पायलट त्याला ग्रीन डॉट म्हणतात. तो याच वेगाच्या जवळपास असतो. वीस हजार फुटांखाली त्याचा ढोबळ हिशोब तोंडी करता येतो: टनांतलं वजन दुप्पट करा आणि ८५ मिळवा. ६० टनांच्या विमानाला २०५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३८० किलोमीटर.

मग त्याच वेगाने मुंबई गाठली तर सर्वांत कमी इंधन लागेल का? नाही. त्या वेगाला दर तासाला सर्वांत कमी इंधन जळतं, पण आपल्याला तास मोजायचे नाहीत, किलोमीटर मोजायचे आहेत. ड्रॅगचा आलेख त्या तळाशी बराच सपाट असतो. तिथून वेग थोडा वाढवला तर विरोध नावापुरता वाढतो, अंतर मात्र पुरेपूर जास्त कापलं जातं. म्हणून एका किलो इंधनात जास्तीत जास्त अंतर देणारा वेग ग्रीन डॉटच्या बराच वर असतो. जेट विमानासाठी पुस्तकी गणित सांगतं की तो कमीत कमी विरोधाच्या वेगाच्या सुमारे १.३ पट असावा. प्रत्यक्षात ध्वनीच्या वेगाची अडचण मध्ये येते आणि हे प्रमाण थोडं घटतं. त्याकडे पुढे येतेच.

आता उंची. मला सर्वांत जास्त वेळ इथेच थांबायचं आहे, कारण "वर हवा विरळ, म्हणून विरोध कमी" एवढंच उत्तर सगळीकडे दिलं जातं आणि ते अर्धंच आहे.

एअरबस ३२० सारखं विमान त्याच्या सर्वांत चांगल्या स्थितीत दर १७ किलो वजनामागे साधारण १ किलो विरोध सहन करतं. म्हणजे ६५ टनांच्या विमानाला पावणेचार टनांच्या आसपास थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा पुढे ढकलण्याचा जोर, पुरतो. आता गंमत बघा: हा आकडा १० हजार फुटांवर जेवढा, तेवढाच ३५ हजार फुटांवरही असतो. वजन तेच, पंख तेच, म्हणून विरोधही तोच. मग फायदा कशात? वेगात. ३५ हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ३१ टक्के उरते. एवढ्या विरळ हवेत तेवढंच वजन पेलायचं तर विमानाला खूप जास्त वेगाने जावं लागतं, आणि विरोध न वाढता ते जाऊ शकतं. कॉकपिटमधला वेगदर्शक हवेचा दाब मोजून वेग सांगतो. ३५ हजार फुटांवर मॅक ०.७८ ने, म्हणजे तिथल्या ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट वेगाने जाताना तो २६५ नॉटच्या जवळपास आकडा दाखवतो, पण विमान हवेतून खरोखर ४५० नॉटने, म्हणजे ताशी ८३० किलोमीटरने जात असतं. १० हजार फुटांवर पंखांवर तेवढाच जोर आणि तेवढाच विरोध ठेवून उडालात तर खरा वेग ३०० नॉटच्या आसपास मिळेल. इंजिन दोन्हीकडे तेवढंच ढकलतंय, आणि वर मात्र तासाला दीडपट अंतर कापून होतं.

यात इंजिनाची भर पडते. जेट इंजिनाला थंड हवा मानवते. आत येणारी हवा जितकी थंड, तितकं ज्वलनातल्या उष्णतेचं काम जास्त निघतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, रनवेवर पारा ४५ असतो, तेव्हाही ३४ हजार फुटांवर उणे चाळीसच्या खालीच असतं. शिवाय इंजिनाची रचना क्रूझच्या, म्हणजे चढून झाल्यावर सरळ उडण्याच्या, उंचीवर भरपूर आरपीएमला चालण्यासाठी केलेली असते. खाली दाट हवेत तेच इंजिन बरंच आवरून चालवावं लागतं, आणि अर्धवट आवरलेलं जेट इंजिन प्रत्येक किलो थ्रस्टमागे जास्त इंधन खातं. हा थंडीचा फायदा सुमारे ३६ हजार फुटांपर्यंत वाढत जातो. त्या पुढे प्रमाण वातावरणात तापमान उणे ५६.५ अंशांवर स्थिर होतं, म्हणून तो फायदाही तिथेच थांबतो.

मग ४५ हजार फुटांवर का जात नाही? एक तर एअरबस ३२० ला परवानगीच चाळीस हजारांच्या किंचित खालपर्यंत आहे. पण त्याआधीच भौतिकशास्त्र आडवं येतं. वर जाल तसा खरा वेग वाढवावा लागतो, आणि थंडीमुळे ध्वनीचा वेग मात्र कमी होत जातो. समुद्रसपाटीला तो ६६१ नॉट, ३५ हजार फुटांवर ५७६ नॉट. विमान मॅक ०.८ च्या पुढे सरकलं की पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरून जाणारी हवा ठिकठिकाणी ध्वनीचा वेग ओलांडते, शॉक वेव्ह तयार होतात आणि विरोध एकदम उसळतो. म्हणजे वेग वाढवता येत नाही, आणि न वाढवता आणखी वर गेलं तर पंखाचा कोन वाढतो, इंड्यूस्ड ड्रॅग वाढतो. या दोन्हींच्या मधली जी उंची, ती ऑप्टिमम. ती वजनावर ठरते. ३२० साठी ढोबळमानाने ७० टनांना ३५ हजार, ६० टनांना ३८ हजार. लांबच्या उड्डाणात इंधन जळून विमान हलकं होत जातं, तशी ही उंची वर सरकते. म्हणून दिल्ली-न्यूयॉर्कसारख्या उड्डाणात विमान पायऱ्या चढल्यासारखं दर काही तासांनी दोन-दोन हजार फूट वर जातं.

ऑप्टिममच्या दोन हजार फूट खाली राहिलं तर एक-दोन टक्के इंधन जास्त लागतं. चार हजार फूट खाली म्हणजे चार-पाच टक्के. आठ-दहा हजार फूट खाली ठेवलं तर दहा टक्क्यांच्या वर. नुकसान अंतरासारखं सरळ वाढत नाही, खाली जाल तसं ते अधिक वेगाने वाढतं. म्हणून एक लेव्हल, म्हणजे दोन हजार फुटांची एक पायरी, कमी मिळाली तर मी फारशी मनाला लावून घेत नाही, तीन लेव्हल कमी मिळाल्या तर मात्र इंधनाचा आकडा पुन्हा काढते.

आता नागपूर-मुंबईचा हिशोब मांडू. हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर. एअरबस ३२० साठी आकडे ढोबळ धरू, नव्या निओ इंजिनांना यापेक्षा पंधरा-वीस टक्के कमी लागतं. ३४ हजार फुटांपर्यंत चढायला वीसेक मिनिटं आणि दीड टनाच्या आसपास इंधन. तेवढ्यात विमानाने जवळपास २३० किलोमीटर अंतरही कापलेलं असतं, हे प्रश्न विचारताना सहसा विसरलं जातं. उतरायला २०० किलोमीटरहून थोडं जास्त, आणि त्या सगळ्या वेळात इंजिनं आयडलवर, म्हणजे कमीत कमी जोरावर. चढताना जी उंची विकत घेतली, ती आता वेगाच्या रूपाने वापरायची. या उतरणीत दीडशे किलोच्या आसपास इंधन जातं. क्रूझला उरतात अडीचशे किलोमीटर, म्हणजे १८ मिनिटं आणि सातशे किलो. मुंबईच्या ॲप्रोचची थोडी भर घालून एकूण अडीच टन. तर चढणीचे दीड टन हे "वर जाण्याचा दंड" नाहीत. त्यात एक तृतीयांश प्रवासाचं भाडं आहे, आणि शेवटच्या दोनशे किलोमीटरचं आगाऊ भरलेलं भाडंही आहे.

अंतर याहून बरंच कमी असेल तर मात्र प्रश्नातली शंका बरोबर ठरते. नागपूर-रायपूर २८० किलोमीटरच्या आसपास आहे. ३४ हजारांची चढ-उतरण त्यात बसतच नाही. तिथे वीस हजार फुटांच्या वर थोडं चढून, जेमतेम सरळ होऊन उतरायला लागावं लागतं, आणि तेच किफायतशीर असतं.

अशा अंतरांवर एटीआर ७२ सारखं पंख्याचं (प्रोपेलरचं) विमान जेटवर मात करतं. पंख्याच्या विमानाचं गणितच वेगळं. तिथे इंधन थ्रस्टवर नाही, शक्तीवर जळतं, त्यामुळे खूप वर, खूप वेगात जाण्याचं बक्षीस फारसं मिळत नाही. एटीआर २५ हजारांच्या वर जात नाही, बहुतेक वेळा त्याच्या बऱ्यापैकी खालीच असते, आणि तासाला सातशे किलोच्या आसपास इंधनात ताशी पाचशे किलोमीटर जाते. नागपूरकरांनी हे लक्षात ठेवावं की देशाची रात्रीची हवाई टपाल सेवा १९४९ साली सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री याच सोनेगावला येऊन टपालाच्या थैल्या बदलून परत जायची. ती डाकोटा विमानं होती. केबिनमध्ये दाब राखण्याची सोय नव्हती, त्यामुळे ती जेटच्या उंचीवर जाऊच शकत नव्हती, पण पिस्टन इंजिन आणि पंखा यांना त्या कमी उंचीवरही काम भागवता येत होतं.

वेगाकडे परत येते. समजा मुंबईला उशीर होतोय म्हणून कॅप्टनने मॅक ०.७८ ऐवजी ०.८० धरला. ३४-३५ हजार फुटांवर ८३३ चे ८५५ किलोमीटर झाले. अडीचशे किलोमीटरच्या क्रूझमध्ये वाचले किती? २८ सेकंद. त्यासाठी क्रूझचं इंधन दोन-तीन टक्के जास्त, कारण आपण नेमके त्या शॉक वेव्हच्या उंबरठ्यावर जाऊन उभे राहतो. छोट्या अंतराच्या उड्डाणात वेग वाढवून वेळ भरून निघत नाही. मुंबईत पहिल्याच झटक्यात उतरायला मिळणं हे त्यापेक्षा कितीतरी मोलाचं.

उलट दिशेने, अगदी कमीत कमी इंधनाच्या वेगाने जावं का? तिथे कॉस्ट इंडेक्स येतो. विमान हवेत असतं त्या प्रत्येक मिनिटाला देखभालीचा आणि कर्मचाऱ्यांचा खर्च चालू असतो. एका मिनिटाची किंमत किती किलो इंधनाएवढी, हा आकडा म्हणजे एअरबसमधला कॉस्ट इंडेक्स. तो शून्य टाकला तर संगणक फक्त इंधन वाचवणारा वेग देतो, वाढवत नेला तर वेळ वाचवणारा. बहुतेक कंपन्या तो कमीच ठेवतात, कारण आपल्याकडे खर्चातला सर्वांत मोठा वाटा इंधनाचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर क्रूझचा वेग खाली आणला गेला, त्यामागे हेच गणित. आणखी एक रूढ वेग आहे, लाँग रेंज क्रूझ: कमाल पल्ल्यातला एक टक्का सोडून द्यायचा आणि त्या बदल्यात तीन ते पाच टक्के वेग घ्यायचा. आलेख वरच्या टोकाशी सपाट असल्यामुळे हा सौदा परवडतो.

वारा मात्र ही सगळी मांडणी उलटीपालटी करू शकतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेचा जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, वाहतो आणि त्याची दक्षिणेकडची कड विदर्भापर्यंत जाणवते. जानेवारीतल्या एखाद्या दिवशी नागपूर-मुंबईला ३४ हजारांवर ९० नॉटचा हेडविंड, म्हणजे समोरून येणारा वारा, असेल आणि २८ हजारांवर ५० नॉटचा. हवेतला वेग दोन्हीकडे ४५० नॉट धरा. वर जमिनीवरचा वेग ३६० नॉट, खाली ४००, म्हणजे अकरा टक्के जास्त. सहा हजार फूट खाली राहिल्याचं नुकसान सात-आठ टक्के. त्या दिवशी मी २८ हजारांचाच प्लॅन काढते, आणि तरुण फर्स्ट ऑफिसर हमखास विचारतात की लेव्हल चुकली आहे का. समोरून वारा असताना थोडा वेग वाढवलेला परवडतो, कारण त्या वाऱ्यात कमी वेळ राहावं लागतं. मागून वारा असला तर वेग किंचित कमी करून वाऱ्याला काम करू द्यायचं. पावसाळ्यात तेवढ्याच उंचीवर वारा पूर्वेकडून वाहतो, आणि मुंबईला जाणाऱ्याचा फायदा होतो.

हवी ती उंची मिळेलच असंही नाही. पश्चिमेकडे जाणाऱ्याला ३२, ३४, ३६ हजार अशा सम लेव्हल, पूर्वेकडे जाणाऱ्याला ३३, ३५, ३७ हजार अशा विषम. नोव्हेंबर २००३ पर्यंत आपल्याकडे २९ हजारांच्या वर दोन विमानांत दोन हजार फुटांचं अंतर ठेवावं लागे, म्हणून निवड फारच थोडी होती. ते एक हजारावर आल्यापासून ऑप्टिममच्या जवळ राहणं सोपं झालं. तरी दिल्लीहून हैदराबाद-चेन्नईकडे आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणारी वाहतूक नागपूरच्या डोक्यावरच एकमेकींना छेदते, त्यामुळे एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष, कधी कधी मधल्याच लेव्हलला थांबवून ठेवतं.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल दोन शब्द. रनवे समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या जरा वर आहे, पण ४५ अंशांना हवा इतकी पातळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांवरच्या गावातून उडतोय असं वाटतं. टेकऑफला थ्रस्ट कमी मिळतो, चढण मंदावते आणि खालच्या दाट हवेत जास्त वेळ जातो. मे-जूनमध्ये विदर्भावरचे वादळी ढग ४५ हजारांच्या वर जातात, त्यांच्यावरून जाणं शक्य नसतं, वळसाच घ्यावा लागतो. त्यासाठी जास्तीचं इंधन भरावं लागतं, आणि ते वाहून न्यायलाही इंधन लागतं: एक टन जास्त घेतलं तर तासाला पंचवीस ते चाळीस किलो त्याच्याच ओझ्यापायी जळतात. तरीही ते घेण्यात मी कधी हात आखडता घेत नाही.

राहिला प्रश्न हळू नेण्याचा. एक वेळ अशी आहे जेव्हा हळू नेणंच बरोबर. मुंबईवर गर्दी आहे आणि पोचल्यावर दहा मिनिटं घिरट्या घालाव्या लागणार आहेत, हे विमान वर्ध्याच्या पुढे असतानाच कळलं, तर कॅप्टनने तिथेच वेग ग्रीन डॉटच्या दिशेने उतरवावा आणि उंची शक्य तितका वेळ राखावी. होल्डिंगमध्ये, म्हणजे अशा घिरट्या घालताना, मिनिटाला ३५ ते ४० किलो जळतात, दहा मिनिटांचे जवळपास चारशे किलो, आणि त्यातून मुंबई तसूभरही जवळ येत नाही. वाटेत हळू जाऊन त्यातली दोन-तीन मिनिटं जिरवली तरी सत्तर ते शंभर किलो वाचतात. एक किलो इंधनातून ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही तेवढाच कमी. मात्र ही सूचना उतरण (डिसेंट) सुरू होण्याआधी मिळायला हवी. विमान दहा हजार फुटांवर आल्यावर कळलं तर वाचवण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.